कोणता बेजार? पालकांसाठीच्या सहा रविवारांविषयी

बेळगावच्या टिळकवाडी भागातील एका खासगी समुपदेशन केंद्राने दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांसाठी सहा रविवारांचा वर्ग घेतला, त्याला मी आणि माझी पत्नी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाऊन आलो. वेळ सकाळी दहा ते बारा होती आणि शुल्क एका घरामागे २,४०० रुपये होते, मग आई एकटी येवो वा दोघे येवोत. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण जे आवडले त्याबरोबर जे खटकले तेही लिहिणार आहे आणि एका तुकडीच्या अनुभवावरून कोणाच्या पाटीवर शेरा मारणे मला योग्य वाटत नाही. अशा कोणत्याही वर्गाला जाताना काय पाहावे एवढे वाचणाऱ्याला कळले तरी पुरे. हे लिखाण माझ्या मुलीने आधी वाचले आहे. तिने दोन वाक्ये खोडली, ती येथे नाहीत.

मुलगी दहावीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, आणि मैत्रिणींशी बोलताना मराठी, कन्नड व इंग्रजी यांचा जो काला बेळगावात सगळेच करतात तोच तिचाही. गणपती झाल्यापासून दर सोमवारी सकाळी तिचे पोट दुखू लागले. रक्त तपासले, सोनोग्राफी केली, काही निघाले नाही. आजीने मीठ-मोहरी आणि मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्यानंतरच्या सोमवारीही पोट दुखलेच. काय होते असे विचारले की ती एकच शब्द उच्चारायची, "बेजार आलंय." मी त्याचा अर्थ कंटाळा असा घेतला आणि तीन महिने तिला सांगत राहिलो की अभ्यासाला बसलीस म्हणजे बेजार आपोआप जाईल. अखेर मुलांच्या डॉक्टरांनी, हे दुखणे खोटे नाही पण पोटापुरते नाही, असे सांगून आम्हाला या वर्गाचा पत्ता दिला. घरी ही गोष्ट निघताच मेहुणे म्हणाले, "धारवाडला न्यायची पाळी आली काय की?" आमच्या भागात धारवाड म्हणजे विद्यापीठ आणि पेढा, तसेच ब्रिटिश काळापासूनचे तिथले मनोरुग्णालयही. आज त्याची डिमहान्स ही मोठी शिक्षणसंस्था झाली आहे, पण थट्टेत आणि शिवीत धारवाड अजून जुनेच राहिले आहे. त्या एका वाक्याने आमचा वर्गाला जाण्याचा निर्णय पंधरा दिवस लांबला, हे नोंदवून ठेवतो.

पहिल्या रविवारी सतरा घरांतून सतरा आया आणि पाच वडील आले होते. आम्ही पाचही जण दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलो होतो, जणू मध्येच उठून जायची सोय ठेवली होती. वर्ग घेणाऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडील त्यांच्या नोंदणीचे प्रमाणपत्र क्रमांकासह भिंतीवर लावलेले होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यास ही नोंदणी लागते, तर नुसती समुपदेशक अशी पाटी कोणीही लावताना दिसतो. पतसंस्थेत पंचवीस वर्षे कर्जाची कागदपत्रे तपासत आल्यामुळे माझी नजर आधी भिंतीकडे गेली, आणि इतरांनीही लाज न बाळगता हा क्रमांक विचारावा असे मी सुचवीन.

पहिल्याच बैठकीत मॅडमनी एक काम दिले. आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत आपण मुलाला कोणकोणते प्रश्न विचारले ते आठवून कागदावर लिहायचे. माझे चौदा प्रश्न निघाले. त्यांपैकी अकरा अभ्यास, गुण आणि ट्यूशन यांविषयी होते, दोन जेवणाविषयी, आणि एक, "मोबाईल कुठे आहे?" पत्नीची यादी अधिक लांब होती, परंतु प्रमाण तेच. मॅडमनी कोणाचीही यादी मोठ्याने वाचून दाखवली नाही, कोणाला दोष दिला नाही. इतकेच विचारले की यांपैकी ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आधी ठाऊक नव्हते असे किती? खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मला वाटते, शुल्काचे निम्मे पैसे तिथेच फिटले.

दुसऱ्या रविवारी बेजाराचा उलगडा झाला. मुलांच्या मनःस्थितीविषयी एक प्रश्नावली वाटली होती, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. तिच्या कन्नड भागात हाच शब्द होता. कन्नडात बेजारु म्हणजे कंटाळाही, उदासीही, मन दुखावणेही. मराठीच्या कोशात बेजार म्हणजे त्रासून गेलेला, जेरीस आलेला. बेळगावच्या बोलीत हे सगळे अर्थ एका शब्दात कोंबलेले आहेत आणि ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ उचलतो. मी माझ्या मुलीचा शब्द उद्धृत केला तेव्हा मॅडमनी, स्वतःची मातृभाषा कन्नड असूनही आमच्याच वळणाच्या मराठीत, मला उलट विचारले, "कुठला बेजार, हे विचारलासा काय तुम्ही?" मी विचारले नव्हते. त्या दिवशी संध्याकाळी विचारले. तिचे उत्तर खोडलेल्या दोन वाक्यांत आहे. कंटाळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता, एवढे मात्र लिहिण्याची मुभा तिने दिली आहे.

याच बैठकीत लक्षणांची माहिती मिळाली आणि ती नेटकी होती. किशोरवयात उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर येते, त्यामुळे घरचे तिला उद्धटपणा समजतात. झोप, भूक, मैत्री आणि पूर्वी आवडणारी कामे यांत झालेला बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला आणि शाळा किंवा घर यांतील रोजचे जगणे अडू लागले, तर तज्ज्ञाला दाखवावे. भीती किंवा ताण वाढला की शरीर पळण्याची वा लढण्याची तयारी करते आणि पचनाचे काम मागे पडते, म्हणून पोटात कळ येते. ही कळ खरी असते, मूल सोंग करत नसते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले होते. चाळीस मुलांचा वर्ग धरला तर हिशेबाने जवळजवळ तीन मुले. हा आकडा ऐकल्यावर दाराजवळचे आम्ही पाच जण खुर्च्या थोड्या पुढे ओढून बसलो.

झोपेविषयी सांगितलेले मला वैयक्तिक लागले. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि वयात येताना मेंदूत झोपेचे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागल्यामुळे त्यांना मुळातच लवकर झोप येत नाही. मी मुलीला पहाटे पाचला उठवत होतो, कारण पहाटेचे पाठांतर डोक्यात राहते असे माझ्या वडिलांचे मत होते आणि ते मी कधी तपासून पाहिले नव्हते. ती साडेअकराला झोपायची. साडेपाच तास. पतसंस्थेत असा तुटवडा तीन महिने चालू दिला असता तर माझी चौकशी झाली असती.

वर्गातला सर्वांत उपयोगी भाग तिसऱ्या रविवारी झाला. दोन अनोळखी पालकांनी समोरासमोर बसायचे, एकाने तीन मिनिटे आपली काळजी सांगायची आणि दुसऱ्याने सल्ला, उदाहरण किंवा "आमच्या वेळेला" यांतले काहीही तोंडातून न काढता ऐकायचे. शेवटी ऐकणाऱ्याने, तुम्हाला असे असे वाटते ना, एवढेच म्हणून समोरच्याचे म्हणणे परत सांगायचे. माझ्या वाट्याला वडगावचे एक यंत्रमागवाले आले. त्यांचा मुलगा अकरावीत विज्ञान घेऊन बसला होता आणि महाविद्यालयात जायला तयार नव्हता. चाळिसाव्या सेकंदाला मी तोंड उघडले. मॅडमनी लांबूनच बोट ओठावर ठेवून खूण केली. पुढची दोन मिनिटे वीस सेकंद मी गप्प राहिलो, आणि तेवढ्यात त्या गृहस्थांनी सांगितले की हे सर्व ते प्रथमच कोणाशी बोलत आहेत, बायकोशीसुद्धा बोललेले नाहीत. हे पुस्तक वाचून शिकता आले नसते, आणि मोबाईलवरच्या व्याख्यानातून तर नाहीच.

चौथा रविवार जड होता, परंतु ज्या सावधपणे तो हाताळला गेला त्याबद्दल केंद्राला पूर्ण गुण देतो. मुलाच्या मनात जगणे नकोसे झाल्याचे विचार येतात का, हे थेट आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट आपण हे ऐकू शकतो असे त्याला कळते, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट घरातल्या वस्तूंची. असा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळेत घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचू शकतो, म्हणून गोळ्या आणि शेतीची विषारी द्रव्ये कुलपात ठेवावीत. येथे खानापूर तालुक्यातून आलेल्या एका ताईंनी हात वर करून सांगितले की आमच्या घरी फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात आणि तापाच्या गोळीलाही औषधच, आणि दोन्ही एकाच फळीवर असतात. मॅडमनी आपले टिपण बाजूला ठेवून पुढची पंधरा मिनिटे याच एका फळीवर घालवली: कुलूप कोणते, किल्ली कोणाकडे, पंप धुऊन झाल्यावर उरलेली बाटली कुठे जाते. इतके घरगुती आणि इतके महत्त्वाचे बोलणे मी कोणत्याही व्याख्यानात ऐकले नव्हते.

एका वडिलांनी विचारले की असे काही घडून मूल वाचले तर पोलीस केस होते का. या भीतीपोटी दवाखान्यात जायलाच उशीर होतो, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा केली जात नाही, आणि तिची काळजी व उपचार यांची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे, असे मॅडमनी सांगितले. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यांनी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तिथल्या तिथे साठवून घ्यायला लावला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असते, आणि ती ज्या वीस भाषांत मिळते त्यांत मराठी व कन्नड दोन्ही आहेत. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक मात्र सगळ्यांना आधीच माहीत होता, शाळेच्या भिंतींवरून.

आता खटकलेल्या गोष्टी. पाचव्या रविवारी मॅडम आल्या नाहीत आणि मोबाईल या विषयावर बाहेरून वक्ते आले, तेही पस्तीस मिनिटे उशिरा. त्यांची सारी पाने इंग्रजीत होती, दर दुसऱ्या वाक्यात डोपामिन होते, आणि निष्कर्ष असा की मोबाईल काढून घ्या म्हणजे मूल सुधारेल. मूल मोबाईलवर काय करते, कोणाशी बोलते, एकटेपणामुळे मोबाईल वाढला की मोबाईलमुळे एकटेपणा, यांपैकी कोणताही प्रश्न त्यांना पडला नव्हता. शाळेचा गृहपाठ मोबाईलवरच येतो, हे एका आईने सांगितले तेव्हा ते हसले. आधीच्या चार रविवारी आम्ही जे ऐकायला शिकलो होतो ते सगळे या गृहस्थांनी एका सकाळीत पुसून काढले, आणि दोन घरे सहाव्या रविवारी आलीच नाहीत. हा रविवार वगळून शुल्क ४०० रुपयांनी कमी केले तर कोणाचेही नुकसान होणार नाही.

दुसरी तक्रार कागदांची. सतरांपैकी अकरा घरे मराठी होती, तरी सहाही आठवडे टिपणे इंग्रजी आणि कन्नड याच भाषांत मिळाली. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतात. माझी तक्रार त्या जातीची नाही. खानापूरच्या ताई मराठी शाळेत शिकलेल्या, कन्नड बाजारापुरते बोलणाऱ्या; "मागील दोन आठवड्यांत किती दिवस असे वाटले" हा प्रश्न त्यांना अक्षर अक्षर जुळवून वाचावा लागत असेल, तर त्यांच्या खुणा कशाच्या खुणा समजायच्या? मनाच्या प्रश्नावलीत एका शब्दाचा अर्थ सरकला तर उत्तर सरकते, हे बेजाराने आम्हाला शिकवले होते. शेवटी मीच दोन रात्री बसून लक्षणांचे पान मराठीत उतरवले, आणि केंद्राने त्याच्या प्रती काढून वाटल्या. त्याबद्दल आभार मानले, पण अनुवाद तज्ज्ञाने तपासायला हवा होता. माझी विद्या व्याजदरांची आहे.

सहाव्या रविवारी प्रत्येक घराला वीस मिनिटांची स्वतंत्र भेट देऊ असे पत्रकात छापले होते. आम्हाला अकरा मिनिटे मिळाली. भेटीची खोली प्लायवूडच्या आडोशाने केलेली होती आणि पलीकडच्या घराचे बोलणे आम्हाला ऐकू येत होते, म्हणजे आमचेही त्यांना येत असणार. गुप्ततेचा नियम त्याच खोलीत समजावून सांगितला गेला, ही गंमत सोडली तर नियम स्पष्ट होता: मूल जे सांगेल ते पालकांनाही सांगितले जाणार नाही, मात्र जिवाला धोका असेल तर, किंवा लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर सांगावे लागेल, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे. मुलीला आधीच हे सांगून ठेवा, असे मॅडम म्हणाल्या. आम्ही सांगितले, आणि ती एकटी भेटायला तयार झाली ती त्यामुळेच असे मला वाटते.

बाहेरच्या बाकावर बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि कल सांगणाऱ्या चाचणीची पत्रके ठेवलेली होती, किंमत ४,५०० रुपये. अशा चाचण्यांना विज्ञानाचा आधार नाही. मॅडमना विचारले तेव्हा त्या अवघडल्या आणि जागेचे मालक ती ठेवतात असे म्हणाल्या. पुढच्या भेटीत पत्रके तिथेच होती. ज्या ठिकाणी आपण मुलाचे मन घेऊन जातो तिथल्या बाकावर काय ठेवलेले आहे, याकडे दुर्लक्ष करवत नाही.

ज्यांना २,४०० रुपये जड आहेत त्यांनी पैशांसाठी थांबू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ही सेवा मिळते. हा कार्यक्रम देशभर १९९६ पासून राबवला गेला तो आपल्याच कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने आधी केलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर, ही गोष्ट मला या वर्गातच कळली. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत स्नेहा क्लिनिक असते. तिसऱ्या रविवारचा तो तीन मिनिटांचा सराव मात्र तिथे मिळणार नाही, कारण त्याला समोर दुसरा पालक लागतो.

घरात बदल झाले ते लहान आहेत. पहाटे पाचचा गजर बंद झाला, आता साडेसहा. दहावीची परीक्षा २०२४ पासून वर्षात एकाहून अधिक वेळा देता येते आणि त्यांतले चांगले गुण धरले जातात, हे मला माहीत होते, पण ते मी मुलीला धीर देण्यासाठी कधी वापरले नव्हते, आता वापरले. वर्गाच्या मॅडमशी तिच्या चार भेटी झाल्या आहेत. गेल्या सहा सोमवारांपैकी दोन सोमवारी पोट दुखले. दुखले त्या दिवशी ती शाळेत उशिरा गेली, पण गेली.

केंद्राने ज्याचा विचारच केलेला नाही अशी एक बाब शेवटी सांगतो. आम्ही दोघे नोकरीला जातो. मुलगी शाळेतून येते तेव्हा घरी आजी असते, आणि दुपारी चार ते सात या वेळेत तिच्या तोंडून जे निघायचे ते आजीपुढेच निघते. आमच्यासारखी आठ-नऊ घरे तरी त्या वर्गात होती. तरीही प्रवेश फक्त आईवडिलांना, आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर, कठडा नसलेल्या अरुंद जिन्याने जायचे. माझी आई शहात्तर वर्षांची आहे. मी मराठीत उतरवलेले पान तिने चष्मा लावून दोनदा वाचले, आणि आता नात आली की आधी चहा ठेवते, मग विचारते, "आज कुठला बेजार गं बाई?" पुढची तुकडी मार्चनंतर आहे. आजी-आजोबांना घ्याल का आणि खालच्या मजल्यावर जागा मिळेल का, असे पत्र मी केंद्राला दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.